सांगलीची इलेक्ट्रिकल की पुण्याजवळची एआय?

प्रश्न : इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा लहान कारखाना आहे. मुलीला सीईटीच्या गुणांवर सांगलीच्या जुन्या स्वायत्त महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळेल असे दिसते. पुण्याजवळच्या एका नव्या महाविद्यालयात ‘एआय अँड डेटा सायन्स’ही मिळू शकते. तिचा ओढा इलेक्ट्रिकलकडे आहे. नातेवाईक म्हणतात, मुलीच्या जातीला साइटवर कशाला पाठवता, कॉम्प्युटर घेऊन टाका. मध्यंतरी कारखान्याच्या वीजबिलावर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा वापर किती चांगला होतो ते सांगणारा आकडा) घसरला, तेव्हा तो सुधारण्यासाठी बसवलेले कपॅसिटर तपासायला तिनेच सांगितले होते आणि दोन निकामी निघालेही. काय करावे? – एक वडील

उत्तर : सप्रेम नमस्कार. कपॅसिटरची गोष्ट आपण शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मला मात्र साऱ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची वाटली. बारावीतल्या मुलीने बिलावरचा एक आकडा आणि भिंतीवरच्या पॅनेलमधला बिघाड यांचा संबंध आपणहून जोडला असेल, तर तिची आवड हौसेपुरती आहे असे मानायचे कारण नाही.

इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढणे, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात या अभियंत्याचा बराचसा दिवस भाराचा हिशेब, केबलची जाडी ठरवणे, वीजजोडणीचा आराखडा (सिंगल लाइन डायग्राम), चाचण्यांचे अहवाल आणि पत्रव्यवहार यांत जातो. उपकेंद्रातील कामाचे स्वरूपही समजून घ्यावे. एखाद्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) दुरुस्ती करायची असेल, तर आधी ब्रेकर उघडून प्रवाह तोडतात, मग आयसोलेटर उघडून वाहिनी वेगळी करतात, मग ती मृत असल्याची खात्री करून जमिनीशी जोडतात (अर्थिंग) आणि नोंदवहीत हे सारे लिहून परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी दिल्याशिवाय कोणालाही तारेला हात लावू देत नाहीत. काम संपल्यावर परमिट परत आले, अर्थिंग निघाले, माणसे मोजून झाली, की मगच पुरवठा सुरू होतो. येथे अंगातल्या ताकदीपेक्षा घाई न करण्याचा स्वभाव लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद कुठे येतो हे मला अजून उमगलेले नाही.

अडचणी नाहीत असे नाही. काही साइटवर स्त्रियांसाठी साधे स्वच्छतागृह नसते, रात्रपाळी करावी लागते, बदली आडगावी होते. पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात सुरुवातीचा पगारही बेताचाच असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे आयटीतल्या आतेभावाशी तिची तुलना घरोघरी होईल, याची मनाची तयारी आपणच ठेवावी. साइट नकोच वाटली, तर डिझाइन, रिले (बिघाड ओळखणारी संरक्षक उपकरणे) टेस्टिंग, मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह, सौरप्रकल्पांची आखणी अशी कामेही याच शाखेत आहेत.

आता दुसरा पर्याय. तिला प्रोग्रामिंगची गोडी असती, तर मी कॉम्प्युटरच घ्या म्हणालो असतो. पण पत्रात तसे काहीच नाही. शिवाय हे दोन रस्ते सारखे नाहीत. घाऊक भरती करणाऱ्या आयटी कंपन्या इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही घेतात, अट एवढीच की त्यांनी कोडिंगची तयारी वेगळी केलेली असावी. याउलट एआयची पदवी घेऊन महापारेषण या राज्याच्या वीजवहन कंपनीच्या उपकेंद्रात अभियंता होता येत नाही. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन या चारच शाखांची असते. एनटीपीसी, पॉवरग्रिड यांसारख्या सरकारी वीज कंपन्या ‘गेट’ या पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर इलेक्ट्रिकलच्या जागा भरतात.

तरीही नव्या महाविद्यालयाचा विचार करणार असाल, तर तिथे डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स हे पायाभूत विषय कायमस्वरूपी प्राध्यापक शिकवतात की दर सत्राला बदलणारे, हे वरच्या वर्गातील मुलांना विचारा. एनबीए मानांकन (अभ्यासक्रमाच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता) प्रत्येक शाखेला स्वतंत्र मिळते, त्यामुळे प्रवेशद्वारावरच्या फलकावर विसंबू नका. प्लेसमेंटच्या जाहिरातीत सर्वांत मोठे पॅकेज छापतात (ते बहुधा एकाच मुलाचे असते). आपण मधल्या क्रमांकाच्या मुलाचा पगार विचारावा. उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो, यावरूनही बरेच कळते.

कॅपचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) पसंतीक्रमाचा अर्ज भरताना एक चूक हमखास होते. ‘असू दे’ म्हणून नको असलेला पर्याय वर टाकला जातो आणि पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती बंधनकारक ठरून पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिल्या क्रमांकावर सांगलीची इलेक्ट्रिकल लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याखाली कोल्हापूर-सांगली भागातील इतर इलेक्ट्रिकल, मग इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन असा क्रम चालेल. अर्ज कन्फर्म करण्यापूर्वी आपल्या कारखान्याचे पॅनेल ज्यांनी बसवले, त्यांच्या वर्कशॉपमध्ये तिला दोन दिवस बसू द्या; आणि तो क्रम तिचा तिलाच भरू द्या.