‘अजून पाहत आहात का?’

प्रिय अक्का,

मी २२ वर्षांची असून जुळे सोलापुरात आई, धाकटा भाऊ आणि आजी यांच्यासोबत राहते. एका सीएंच्या कार्यालयात माझी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, चालू आहे. गेली तीन वर्षे मी आणि माझी आठवीपासूनची मैत्रीण एक परदेशी विज्ञानकथा मालिका पाहत आहोत. तिचा तिसरा सीझन अर्ध्या वाटेवर संपला असून चौथा येणार नाही, अशी बोलवा आहे. मालिका वाचवण्यासाठी जगभरातल्या चाहत्यांनी मोहीम काढली आहे आणि माझी मैत्रीण तिच्यात पुढे आहे. तिच्या सांगण्यावरून आम्ही सात मोबाइल जमवले आणि वेगवेगळ्या खात्यांवरून रात्रभर भाग चालू ठेवू लागलो, म्हणजे प्रेक्षकसंख्या वाढेल. मोबाइल माझ्या घरी असायचे. काही भाग झाले की पडद्यावर ‘अजून पाहत आहात का?’ असा प्रश्न येतो, म्हणून मी गजर लावून उठायचे आणि सगळीकडे ‘होय’ दाबायचे. तिसऱ्या रात्री दोन वाजता उठले, तर आजी एका मोबाइलपुढे बसलेली. आवाज बंद होता. तिने विचारले, “ह्या बाईला आत का कोंडलंय गं?” मी म्हटले, “झोप आजी, तुला नाही कळायचं.” दुसऱ्या दिवशी मी मोबाइल परत करून टाकले. तेव्हापासून मैत्रिणीने अबोला धरला आहे. “तुझ्यासारख्यांमुळेच मालिका बंद पडतात,” हे तिचे शेवटचे वाक्य. मोहिमेसाठी प्रत्येकी ३,००० रुपये मागितले आहेत. माझ्याकडे तेवढे पैसे परीक्षेच्या अर्जासाठी बाजूला ठेवलेले आहेत. आई म्हणते, नसलेल्या ग्रहावरच्या नसलेल्या माणसांसाठी कसले रडतेस. अक्का, मी खरेच बेइमान आहे का?

— अर्धवट गोष्टीत अडकलेली

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. सर्वप्रथम आईच्या बोलण्याविषयी लिहिते, कारण ते तुला जास्त लागलेले दिसते. तीन वर्षे ज्या माणसांच्या सुखदुःखाशी आपण आठवड्यामागून आठवडे बांधलेले असतो, ती कोणा लेखकाने निर्माण केलेली आहेत एवढ्या कारणाने त्यांचा लळा खोटा ठरत नाही. पुराणिकबुवांच्या तोंडून सीतेचा वनवास ऐकताना पदराने डोळे टिपणाऱ्या बायका याच सोलापुरात मी लहानपणी पाहिल्या आहेत आणि त्यांना कोणी वेडे म्हटल्याचे मला आठवत नाही. तुझे वाईट वाटणे रास्त आहे. त्याबद्दल आईशी वाद घालू नकोस आणि स्वतःला दोषही देऊ नकोस.

आता बेइमानीचा प्रश्न. मालिका कशामुळे चालतात आणि कशामुळे बंद पडतात हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. विज्ञानकथा मालिका मुळातच खर्चिक असते. घरगुती मालिकेला एक दिवाणखाना आणि एक स्वयंपाकघर पुरते. इथे यानाचा अंतर्भाग उभारावा लागतो, परके ग्रह संगणकावर चितारावे लागतात आणि सीझनगणिक कलाकारांचे मानधनही वाढत जाते. त्यामुळे चौथ्या सीझनचा निर्णय घेणारा माणूस केवळ ‘किती लोक पाहतात’ एवढेच विचारत नाही, तर ‘या खर्चाला पुरतील इतके लोक शेवटपर्यंत पाहतात का’ असे विचारतो. नेटफ्लिक्सने २०१९ साली ब्रिटिश संसदेच्या एका समितीला जी माहिती दिली, तिच्यात प्रेक्षकांचे तीन गट सांगितले होते: ज्यांनी पाहायला सुरुवात केली ते, ज्यांनी सत्तर टक्के पाहिले ते आणि ज्यांनी नव्वद टक्के पाहिले ते. हे आकडे पहिल्या ७ आणि पहिल्या २८ दिवसांचे म्हणून निर्मात्यांना कळवले जातात, असेही तिच्यात होते. तुझ्या मालिकेचे ते पहिले दिवस केव्हाच उलटून गेले आहेत. एकाच घरातून सात खाती रात्रभर तोच सीझन पुन्हापुन्हा चालवत आहेत, हे कंपनीच्या नोंदींतून लपून राहील असे समजणेही भाबडेपणाचे आहे. तुझी झोप गेली, सात मोबाइल तापले आणि मालिकेच्या पदरात काही पडले नाही.

पण समज, काही पडले असते, तरी मी तुला मोबाइल परत कर असेच सांगितले असते. हे लिहिताना मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवते. मी आठवीत असताना मी आणि माझ्या मैत्रिणीने रेडिओवरच्या एका फर्माईशीच्या कार्यक्रमाला एकाच गाण्यासाठी वीस पोस्टकार्डे लिहायला घेतली होती. १५ पैशांचे एक कार्ड, म्हणजे तीन रुपये, आणि तेवढ्यासाठी आम्ही महिनाभर खाऊचे पैसे साठवले होते. दोन रंगांची शाई वापरली, काही कार्डे डाव्या हाताने लिहिली आणि खाली चाळीतल्या माणसांची नावे घातली. वडिलांच्या हाती तो गठ्ठा लागला. ते रागावले नाहीत. एकेक कार्ड उलटून नाव वाचायचे आणि विचारायचे, “ह्याला हे गाणे आवडते का? तू विचारलेस?” सातव्या कार्डापर्यंत माझी मान वर झाली नव्हती. मग त्यांनी आमच्या दोघींच्या नावांची दोन कार्डे ठेवून घेतली, उरलेली कोरी कार्डे हातात दिली आणि चाळीत पाठवले. लोकांना गाणे गुणगुणून दाखवत आम्ही दारोदार फिरलो. अकरा जणांनी स्वतःच्या हाताने कार्ड लिहून दिले. आमची नावे रेडिओवर कधीच आली नाहीत. मात्र त्या वाराला संध्याकाळी ती अकरा माणसे आमच्या ओट्यावर येऊन बसत, आणि तो परिपाठ पुढे बरेच दिवस टिकला.

तू दोन वाजता उठून ज्या प्रश्नाला ‘होय’ म्हणत होतीस, तो प्रश्नही माझ्या वडिलांच्या प्रश्नासारखाच सरळ होता. कोणी पाहत आहे का, एवढेच त्या पडद्याला जाणून घ्यायचे होते. तिथे कोणी नव्हते आणि तू कोणीतरी आहे असे सांगत होतीस. ज्या मालिकेवर तुझा जीव आहे, तिच्याच बाबतीत तुला खोटे बोलावे लागत होते, म्हणून तुला ते सोसले नाही. यात बेइमानी कुठे आहे? मला तरी दिसत नाही.

मैत्रिणीचे म्हणणे पूर्ण चूक आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. चाहत्यांनी मनावर घेतल्यामुळे मालिका वाचल्याची उदाहरणे आहेत, आणि ती तुम्हा दोघींनाही ठाऊक असावीत असे मला वाटते. एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १९६६ साली सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या सीझनमध्येच गाशा गुंडाळण्याच्या बेतात होती. बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने चाहत्यांना पत्रे लिहायला लावली. एकाने दहा जणांना सांगावे, त्या दहांनी प्रत्येकी आणखी दहांना सांगावे, आणि ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहावे, अशी त्यांची रीत होती. पत्रांचा असा पाऊस पडला की १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला मालिका पुढे चालू राहणार असल्याचे पडद्यावरून जाहीर करावे लागले. पुढच्या सीझनला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात नसे, त्यामुळे १९६९ मध्ये मालिका बंद पडली ती पडलीच. मोहीम हरली, असे तेव्हा कोणीही म्हटले असते. परंतु त्या एका सीझनमुळे ५५ भागांचे ७९ भाग झाले होते, आणि स्थानिक वाहिन्यांना रोज पुनःप्रक्षेपण करता येईल इतका साठा तयार झाला होता. त्या पुनःप्रक्षेपणातूनच पुढच्या दशकात नवा प्रेक्षक घडला आणि १९७९ साली चित्रपट आला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही हे आधी दिसणे शक्य नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या शेंगाचटणीच्या गावात सांगायलाच हवे असे आहे. अणुस्फोटांनंतर जगापासून तुटलेल्या एका अमेरिकन गावाची ‘जेरिको’ ही मालिका सीबीएस वाहिनीने २००७ च्या मे महिन्यात बंद केली. शेवटच्या भागात नायक शरण येण्याच्या मागणीला ‘नट्स’ (शब्दशः दाणे, बोलीत ‘छट्’) एवढेच उत्तर देतो. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममधल्या बास्तोन्य येथे वेढल्या गेलेल्या अमेरिकन सेनापतीने जर्मनांना हेच उत्तर दिले होते. चाहत्यांनी तो शब्द धरला आणि वाहिनीच्या कार्यालयाकडे सुमारे २० टन शेंगदाणे रवाना केले. वाहिनी नमली आणि तिने सात नवे भाग मंजूर केले, पण त्याच वेळी वाहिनीच्या प्रमुख बाईंनी चाहत्यांना जाहीर पत्रातून कळवले की, मालिका टिकायची असेल तर नवे प्रेक्षक आणावे लागतील. तेवढे प्रेक्षक आले नाहीत आणि २००८ मध्ये मालिका संपली. निर्मात्यांनी मात्र दोन शेवट चित्रित करून ठेवले होते, एक पुढे चालू राहिली तर आणि एक बंद पडली तर, आणि चाहत्यांना निदान गोष्टीचा शेवट पाहायला मिळाला. मला विचारशील तर ते २० टन शेंगदाणे तेवढ्यासाठीही सार्थकी लागले.

तिसरे उदाहरण ‘द एक्स्पान्स’चे आहे आणि तुमच्या कामाला ते सर्वांत उपयोगी पडेल. २०१८ च्या मे महिन्यात सायफाय वाहिनीने ती मालिका सोडली. त्या वाहिनीकडे अमेरिकेतल्या पहिल्या प्रक्षेपणापुरतेच हक्क होते, त्यामुळे इतरत्र कितीही लोकांनी मालिका पाहिली तरी तिच्या हाती फारसे काही लागत नव्हते. चाहत्यांनी हे ओळखले आणि नाही म्हणणाऱ्याच्या विनवण्या करत बसण्याऐवजी अॅमेझॉनकडे मोर्चा वळवला. लाखाहून अधिक सह्या जमल्या, वर्गणी काढून फलक लावलेले विमान अॅमेझॉनच्या कार्यालयावरून फिरवले गेले आणि त्याच महिन्यात मालिका अॅमेझॉनने घेतली. ती सहा सीझन चालून जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. म्हणून तुमच्या मालिकेचे हक्क नेमके कोणाकडे आहेत, भारतात ती दाखवणारी कंपनी आणि निर्णय घेणारी कंपनी एकच आहे का, हे आधी शोधून काढा. हे काम सात मोबाइलना जमणार नाही. कागदपत्रे वाचण्याची सवय असलेल्या तुझ्यासारखीला ते नक्की जमेल.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. परीक्षेच्या अर्जाच्या पैशांना हात लावायचा नाही. दिवसभर तू लोकांच्या पावत्या तपासतेस; मग हे ३,००० रुपये कोणाच्या खात्यात जमा होणार, कशावर खर्च होणार आणि मोहीम फसली तर उरलेल्या रकमेचे काय होणार, हे प्रश्न मैत्रिणीला विचारायला तुला संकोच का वाटावा? समाधानकारक उत्तरे मिळाली, तर एक चित्रपट पाहायला जेवढे लागतात तेवढे पैसे आपल्या विद्यावेतनातून दे. न मिळाली, तर काहीच देऊ नकोस.

आता मैत्रिणीकडे वळते. तिने बोललेले वाक्य वाईट होते, यात शंका नाही. पण जिचा जीव तीन वर्षांच्या गोष्टीसाठी टांगणीला लागला आहे, तिला तू एका सकाळी सात मोबाइल परत केलेस, आणि तुझ्या पत्रावरून असे दिसते की, का केलेस हे तिला सांगितलेच नाहीस. आजी रात्री तिथे बसली होती हे तिला ठाऊक आहे का? मला शंका आहे. फोनवर किंवा लेखी निरोपाने हे सांगू नकोस. त्यात शब्दाने शब्द वाढतो. तिच्या घरी जा. मी वर लिहिलेली उदाहरणे तिला हरवण्यासाठी वापरू नकोस, ती तिच्याही बाजूची आहेत. रात्रीचे काम तुला का सोडावे लागले ते सांग, आणि त्याऐवजी तू काय करायला तयार आहेस तेही सांग. हक्कांची माहिती काढणे, स्वतःच्या शब्दांत पत्र लिहिणे, रविवारी दुपारी चार जणांना घरी बोलावून पहिला भाग दाखवणे, यांपैकी तुझ्याने जे निभेल तेच कबूल कर. ती लगेच विरघळेल असे नाही. एकदा जाऊन आलीस की आठवडाभर वाट पाहा आणि पुन्हा एकदा जा.

आणि एक गोष्ट राहिली. तीन रात्री, सात मोबाइल, अगणित वेळा दाबलेले ‘होय’, आणि या साऱ्यात ती मालिका खरोखर पाहिली एकाच माणसाने. आवाज नाही, भाषा ओळखीची नाही, मागची गोष्ट ठाऊक नाही, तरी आजीने अचूक तोच प्रश्न विचारला, जो विचारावा म्हणून लेखकाने ते दृश्य लिहिले असणार. तू तिला झोपायला सांगितलेस. आज कार्यालयातून घरी गेलीस की जेवणानंतर मोबाइल भिंतीला नीट टेकवून ठेव, पहिला भाग लाव, आजीजवळ बस आणि जिथे तिला अडेल तिथे थांबवून मराठीत सांग. त्या बाईला आत का कोंडले आहे, हे आजीला अजून कोणी सांगितलेले नाही.

तुझी,
अक्का