बुडालेल्या ठेवीच्या भरवशावर पॉलिसी

इंदूरच्या रामबागेतून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. वय 67, पेन्शन महिना 24 हजार. ज्या साख संस्थेत (म्हणजे पतसंस्थेत) त्यांची 6 लाखांची एफडी होती, तिथे आता परिसमापक बसलाय (मराठीत अवसायक, म्हणजे बुडालेल्या संस्थेची मालमत्ता विकून देणी भागवणारा), आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे. दावा लावून द्यायला वकील 35 हजार मागतोय. द्यावेत का, एवढंच त्यांनी विचारलंय.

नका देऊ, ताई. परिसमापकाकडे दावा स्वतःच लावता येतो. नोटिशीतली मुदत पाहा, अर्ज भरा, सोबत एफडीच्या पावतीची आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, ते मात्र शेवटच्या चार ओळींसाठी. त्यात तुम्ही सहज लिहून गेलात की संस्थेसाठी घरोघरी वसुली करणाऱ्या त्याच एजंटाने "नुकसान भरून निघेल" म्हणून एक विमा पॉलिसी दिली. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं. पंधराव्या वर्षी 24 लाख. पहिला हप्ता बचतीतून गेला, "पुढचे ठेवीचे पैसे आले की त्यातून जातील."

कुठले पैसे? पाच लाखांपर्यंत सरकार देतं, हे एजंटाने सांगितलं असणार. ते ठेव विम्याचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. साख संस्थेला नाही. संस्थेची मालमत्ता विकून, कर्जं वसूल करून, खर्च वजा जाता जे उरेल त्यातूनच ठेवीदारांना वाटा मिळतो. शेअर्सवाल्यांचा नंबर त्याच्याही मागे, म्हणजे तुमचे 10 हजारांचे शेअर्स विसरा. न्यायालय असलं म्हणजे पैसे लवकर येतात असंही नाही. सहाराच्या चार सहकारी संस्थांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये 5 हजार कोटी मोकळे केले. तिथे रक्कम आधीच बाजूला होती, तरी सुरुवातीला माणशी 10 हजारांपर्यंतच दिले. तुमच्या संस्थेत तर मालमत्ता अजून विकायचीच आहे. माझ्या हिशेबात तुमचे 6 लाख आज शून्य. आले तर पेढे वाटू.

आता पॉलिसी. 15 लाख भरून 24 लाख ऐकायला छान वाटतं, पण व्याज पडतं जेमतेम साडेचार टक्के, तेही तुमच्या 82व्या वर्षी हातात. हप्ता महिन्याला साडेबारा हजार पडतो, म्हणजे निम्मी पेन्शन. 67 वर्षांच्या एकट्या बाईला हे विकणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही.

सुदैवाने पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तुम्ही लिहिलंत तेव्हा 19 दिवस झाले होते, पत्र माझ्यापर्यंत यायला 3 गेले. म्हणून हे उत्तर लिहायच्या आधीच तुम्हांला फोन केला. अर्ज कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, एजंटाच्या हाती नको. तो "उद्या देतो" म्हणत आठ दिवस काढेल. शिक्का मारलेली पोच घ्या, ईमेलही करा. त्या दिवसांचं विमाछत्र, मेडिकल आणि स्टॅम्पचे किरकोळ पैसे कापून बाकी परत येईल.

मग उरलेली बचत आणि हा परत आलेला हप्ता मिळून तुमच्याकडे साडेनऊ लाख होतील. दोन लाख बँकेत राहू द्या. साडेसात लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका: सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 15 हजारांच्या वर.

एफडीच्या मूळ पावत्या कुणी "दाव्यासाठी" मागायला आलं, तर दाखवा, हातात देऊ नका. तोच एजंट असला, तर दारही उघडू नका.