ग्रीनहॅमच्या टेकाडांखाली काय आहे?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये न्यूबरी गावाजवळ नोकरीला आहे. तेथील ग्रीनहॅम कॉमन या जुन्या हवाई तळावर गवताने झाकलेली सहा मोठी टेकाडे आहेत. त्यांच्याखाली खोल भुयारे आहेत, काही क्षेपणास्त्रे अजून तेथेच दडवलेली आहेत आणि जमीन किरणोत्सर्गी झाली आहे, असे त्याच्या कानावर आले. यात तथ्य किती?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : घोडेस्वार जाईल एवढे भुयार आपल्याकडे गढ्यागढ्यांखाली सांगितले जाते आणि दौलताबादची अंधारी स्वतः चालून आलेल्या माणसाला ते सहज पटतेही. ग्रीनहॅमची टेकाडे मात्र जमिनीवरच बांधलेली आहेत. प्रत्येकात तीन लांबट कप्पे, दोन्ही टोकांना अवजड दारे, वर काँक्रीटचे जाड छप्पर आणि त्यावर मातीचा भराव. येथील अमेरिकेची अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रे या टेकाडांतून डागली जाणारच नव्हती. युद्धाची चिन्हे दिसताच ती वाहनांवरून तळाबाहेर नेऊन रानात विखरून ठेवायची, अशी योजना होती. त्यामुळे वाहने झटपट बाहेर पडणे महत्त्वाचे होते, आणि खोल भुयार त्या कामी अडचणच ठरले असते.

दडवलेल्या क्षेपणास्त्रांची गोष्ट तर सोडूनच द्यावी. टेकाडामागे चार प्रक्षेपक वाहने, वाहनामागे चार क्षेपणास्त्रे, असा एकूण ९६चा हिशेब होता. १९८७च्या अमेरिका-सोव्हिएत करारानुसार ती काढून घेण्यात आली, शेवटची मार्च १९९१मध्ये गेली आणि तळाची तपासणी करण्याचा अधिकार खुद्द सोव्हिएत निरीक्षकांना होता. त्याआधी या क्षेपणास्त्रांच्या विरोधात तळाबाहेर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या शांतता छावणीतील स्त्रियांचा पहाराही काही कमी नव्हता. त्यांच्यापैकी ४४ जणी १ जानेवारी १९८३च्या पहाटे कुंपण ओलांडून, बांधकाम चालू असलेल्या टेकाडांवर चढून नाचल्या होत्या.

किरणोत्सर्गाची शंका मात्र हवेतली नाही, आणि ती विचारणाऱ्यांना वेड्यात काढणे अन्यायाचे होईल. २८ फेब्रुवारी १९५८ रोजी उड्डाण करताना अडचणीत आलेल्या एका बी-४७ या, अण्वस्त्रे वाहून नेऊ शकणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाने इंधनाच्या टाक्या खाली सोडल्या. त्यांतील एक तळावर उभ्या असलेल्या दुसऱ्या बी-४७जवळ पडली, भीषण आग लागली आणि दोघांचा बळी गेला. पुढे १९६१मध्ये ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी परिसरात युरेनियमचे अंश आढळल्याचा आणि त्याचा संबंध या आगीशी असू शकेल असा अहवाल लिहिला, पण तो १९९६पर्यंत लोकांसमोर आलाच नाही. एवढी वर्षे कागद दाबून ठेवल्यावर लोकांनी वाईटात वाईट कल्पना केली, यात दोष लोकांचा नाही. त्यानंतर साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि स्कॉटलंडमधील संशोधकांनी तेथे किरणोत्सर्गाची मोजणी केली, तेव्हा त्या आगीत अण्वस्त्र जळाल्याचा पुरावा मिळाला नाही.

धावपट्टी आता उखडली आहे आणि माळ लोकांसाठी खुला आहे. टेकाडे संरक्षित स्मारक असून ती कुंपणाबाहेरून पाहता येतात. जुना नियंत्रण मनोराही २०१८मध्ये लोकांसाठी उघडण्यात आला, तेव्हा आपल्या मुलाने तेथे अवश्य जाऊन यावे.