नवव्या बिंदूचे कारण

“मॅडम, मी ना धड समाजशास्त्राची राहिले, ना धड संगणकाची झाले.” गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की, त्यावर सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटू लागले. सोशल कम्प्युटिंग किंवा ऑनलाइन सोशल नेटवर्क्स यांसारख्या, म्हणजे माणसांमधल्या नात्यांचा संगणकाच्या मदतीने अभ्यास करणाऱ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही मुले असतात. कोणी बी.ए. करून आलेले असते, कोणी अभियांत्रिकी करून, आणि पहिले सत्र संपण्याआधीच आपण चुकीच्या वर्गात येऊन बसलो आहोत असे त्यांना वाटू लागते. त्यांपैकी एकीची हकिगत तिच्या संमतीने, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मुक्ता लातूर जिल्ह्यातली. समाजशास्त्राची पदवी घेऊन ती पुण्यात आली, तर वर्गात बहुतेक सगळे अभियंते. पायथन या संगणकाच्या भाषेतला जो प्रोग्राम त्यांना अर्ध्या तासात जमे, त्यासाठी हिची रात्र जाई. घरून फोन आला की वडील विचारत, “फेसबुकचा कसला गं अभ्यास?” फोन ठेवल्यावर ती लिंक्डइन उघडून वर्गमित्रांच्या इंटर्नशिप आणि शोधनिबंध बघत बसे.

“सगळे माझ्या पुढे आहेत. मला हे एव्हाना यायलाच हवं होतं,” ती म्हणाली.

माणसाला अस्वस्थ करतो तो प्रसंग नव्हे, तर त्या प्रसंगाबद्दल तो स्वतःशी जे बोलतो ते, असे मानणाऱ्या विचारपद्धतीत मी घडले आहे. त्यामुळे माझे कान आधी त्या ‘यायलाच’मधल्या ‘च’कडे जातात. परंतु पहिल्या दोन भेटींत मी त्या ‘च’विषयी जे बोलले, त्यावर तिने केवळ मान डोलावली. तिसऱ्या भेटीत मी वेगळा प्रश्न विचारला.

“सगळे पुढे दिसतात, याबद्दल तुझा विषय काय म्हणतो?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग माझ्या टेबलावरची पेन्सिल घेऊन तिने मध्ये एक बिंदू आणि भोवती तीन बिंदू काढले व मधला बिंदू तिघांशी रेषांनी जोडला. बिंदू म्हणजे माणूस, रेषा म्हणजे मैत्री. मधल्याला तीन मित्र, बाकीच्यांना प्रत्येकी एक. म्हणजे चौघांपैकी तिघांना आपल्या मित्राला आपल्याहून जास्त मित्र आहेत असे दिसणार, आणि ते खोटेही नाही. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने 1991 मध्ये ही गोष्ट मांडली, हे तिने मला समजावून सांगितले.

“म्हणजे मला फीडमध्ये दिसतात, ते मुळातच जास्त दिसणारे लोक आहेत.”

“मग ‘सगळे’ म्हणजे नक्की किती?”

तिने बोटांवर मोजले. वर्गात बेचाळीस जण होते आणि रात्री ज्यांच्या पोस्ट ती वाचत असे, ते पाच.

त्या दिवशी ती हलकी होऊन गेली, पण खरी गाठ सुटली ती पुढच्या भेटीत. तिने गृहपाठाचा कागद आणला होता. त्यावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील कराटे क्लबचे जाळे, म्हणजे तशीच बिंदू-रेषांची आकृती होती. हे जाळे या विषयाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. सभासद चौतीस, त्यांच्यातल्या मैत्रीच्या रेषा अठ्ठ्याहत्तर. प्रशिक्षक आणि क्लबचा अध्यक्ष यांच्यात वाद होऊन क्लब फुटला, तेव्हा कोण कोणाच्या बाजूला जाईल हे केवळ रेषांवरून काढता येते का, हा वेन झॅकरी यांच्या 1977 च्या लेखाचा प्रश्न होता. चौतीसपैकी तेहेतीस जणांबाबत गणित बरोबर आले. चुकला तो नववा बिंदू, म्हणजे आकृतीतला नवव्या क्रमांकाचा सभासद.

“तो का चुकला?” मी विचारले.

“त्याच्या रेषा अध्यक्षाकडे झुकणाऱ्या होत्या, पण त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. प्रशिक्षकाला सोडलं असतं तर तोवरची मेहनत गेली असती.”

“हे कोणत्या प्रोग्रामने सांगितलं?”

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली.

“प्रोग्रामने नाही. झॅकरी मानवशास्त्राचे होते. ते क्लबमध्ये जात होते, लोकांना बघत होते.” मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “मॅडम, हे तर मला येतं.”

वीस वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि ते आले की मी मध्ये बोलत नाही. मात्र त्या संध्याकाळी एक गोष्ट मला स्वतःलाही नव्याने उमगली. तिच्या ‘च’ला मी बाहेरून ठोकत होते, तेव्हा तो ढिम्म हलला नाही, तिच्याच विषयाचे हत्यार तिच्या हाती दिले, तेव्हा तो आपोआप गळून पडला. तेव्हापासून अशा प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी त्याचा विषय मला शिकवायला सांगते.

याचा अर्थ पायथन टाळावे असा नाही, आणि हे मी मुक्तालाही स्पष्ट सांगितले. जे येत नाही ते रोज तासभर, लहान जाळ्यावर, हाताने काढलेल्या आकृतीशी ताडून शिकावे. वर्गातल्या एखाद्या अभियंत्याशी जोडी करावी. त्याला मुलाखत कशी घ्यावी हे ठाऊक नसते आणि ते विचारायला त्यालाही संकोच वाटतो. प्रबंधाचा विषय एकाच कंपनीच्या डेटावर उभा करू नये, कारण 2023 मध्ये ट्विटरने फुकट मिळणारा डेटा बंद केला, तेव्हा अनेकांचे काम मध्येच अडले. पालकांना विषय समजावताना ‘फेसबुक’ हा शब्द बाजूला ठेवून गावातली बातमी कोणाकडून कोणाकडे जाते, इथून सुरुवात करावी. आणि झोप, जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडले असेल, तर अभ्यासक्रमाचा निर्णय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे.

मुक्ताने प्रबंधासाठी सोयाबीनचे भाव फिरवणारा आपल्या गावाकडचा व्हॉट्सॲप गट घेतला. शेवटच्या भेटीला ती आली, तेव्हा तिच्या आकृतीत एक बिंदू कोपऱ्यात सुटा होता. त्याला गटातली एकही रेषा नव्हती, मात्र पेन्सिलीने काढलेल्या सात-आठ तुटक रेषा त्याच्याकडे येत होत्या.

“या मावशींकडे फोनच नाही,” ती म्हणाली, “पण माल कधी विकायचा, हे अर्धा गट त्यांना विचारून ठरवतो. मी त्यांच्या ओट्यावर दोन दिवस बसले होते.”