मुलगी १३ वर्षांची, टेबल टेनिसमध्ये टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणं) शिकतेय. बॅटला यासाका कंपनीचं राकझा ७ रबर घ्यावं की राकझा ७ सॉफ्ट? (नागपूर)

सॉफ्ट घ्या. तेही २.० मिमी जाडीचं; मॅक्सच्या (सर्वांत जाड) नादी आत्ता लागू नका.

दोन्हींत खरा फरक स्पंजचा, म्हणजे वरच्या रबराखालच्या थराचा. मऊ स्पंजमध्ये हळू स्ट्रोकलाही चेंडू रुततो, क्षणभर धरला जातो आणि कमान घेऊन नेटवरून जातो. कडक स्पंजला त्यासाठी वेगाने फिरलेला हात लागतो. कंबर-मनगट अजून बसलं नसेल तर तोच लूप (टॉपस्पिनचा फटका) सपाट जाऊन नेटमध्ये. पण मऊ स्पंजचीही हद्द असते. जोरात मारल्यावर तो पार दबतो, चेंडू लाकडावर आपटल्यासारखा हाताला 'ठक्' लागतो. असं वारंवार व्हायला लागलं की फोरहँडला साधं राकझा ७ लावा, बॅकहँडला सॉफ्टच राहू द्या.

एक बाजू काळी हवीच, नाहीतर स्पर्धेत अडवतील.

आणि मे महिन्यात बॅट गाडीच्या डिक्कीत ठेवू नका हो! आपल्याकडच्या ४५ अंशांत कुठलंही रबर लवकर म्हातारं होतं, पकड जाते. खेळून झालं की ओलसर स्पंजने पुसायचं, प्लास्टिकची फिल्म लावायची आणि बॅट घरात सावलीत ठेवायची.