गळाला लागलेला मासा सोडताना

प्रिय मित्रा,

तुझा व्हिडिओ पाहिला. पवई तलावाच्या काठावरचा चार-पाच किलोचा कटला, जबड्याला धरून उभा टांगलेला, चार फोटो, मग पाण्यात. शेपटी मारत गेला म्हणून तू खूश आहेस. मासा पाण्याबाहेर एक मिनिट चाळीस सेकंद होता. तो पोहत गेला एवढंच आपल्याला दिसलं. सोडलेले मासे पुष्कळदा काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी मरतात, आणि तेव्हा काठावर बघायला कुणी नसतं.

2005 मध्ये जगभरच्या 53 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सोडलेल्या माशांपैकी सरासरी 18 टक्के मेले होते आणि मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा, 11 टक्के होता. या दोन आकड्यांतलं अंतर बघ. बऱ्याच ठिकाणी दहातला एखादाच दगावतो, पण काही ठिकाणी मरण इतकं जास्त की सरासरी वर ओढली जाते. हा फरक पाडण्यात सगळ्यात मोठा वाटा गळ कुठे रुतला याचा असतो. ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात रुतला तर मासा बहुतेक तरतो. घशात, पोटात किंवा कल्ल्यात गेला तर खेळ तिथेच बिघडतो.

म्हणून तयारी घरीच करायची. कणकेच्या गोळ्याभोवती चार-पाच गळांचा झुपका बांधायची इथे पद्धत आहे. मासा सोडायचा असेल तर ती विसर. एक गळ ओठात बसतो, बाकीचे धडपडीत डोळ्यात नाहीतर कल्ल्यात जातात. एकच गळ लाव आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा, जो मासा सुटू देत नाही, तो पक्कडीने दाबून सपाट कर. नीट दाबला गेला का हे बघायला गळ जुन्या बनियनमध्ये टोचून मागे ओढ. धागा न धरता सुटला की झालं. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ताणलेली ठेवलीस तर बिनकाट्याच्या गळावरून मासा सुटतो ही तक्रार फारशी येणार नाही.

खाडीत कोळंबी लावून जिताड्यासाठी किंवा तांबोशीसाठी बसणार असशील तर सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, घे. विकत घेताना तो काउंटरच्या काचेवर आडवा ठेवून बघ. टोक वर उचललेलं दिसलं तर तो ऑफसेट आहे, तो नको. मासा ओढायला लागला की झटका मारायचा नाही. तुझा हात आपोआप वर जाईल, त्याला आवर. रील सावकाश गुंडाळत राहा, गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यावर वळतो आणि तिथे धरतो. झटका मारलास तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. आणि कुठलाही गळ असो, रॉड स्टँडला लावून चहा प्यायला जाऊ नकोस. चहा संपेपर्यंत आमिष पोटात गेलेलं असतं.

तरी कधी खोल गेलाच, तर बोटं किंवा पक्कड आत घालून उकरू नकोस. तंगूस गळाच्या जितकी जवळ कापता येईल तितकी काप आणि मासा सोड. ओढून काढण्यापेक्षा आत राहिलेल्या गळासकट मासे जास्त जगतात, हे अनेक जातींत दिसलं आहे. त्यासाठी गळ साधा लोखंडी असावा, स्टेनलेस स्टीलचा नाही. लोखंडी गळ गंजून झडायची तरी आशा असते.

आता झुंजीबद्दल. बारीक दोरीवर मोठा मासा वीस मिनिटं खेळवला म्हणून काठावर टाळ्या पडतात. मला ती कारागिरी वाटत नाही. जोरात पळताना माशाचे पांढरे स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करतात, लॅक्टिक आम्ल साठतं, रक्त आम्लधर्मी होतं. ते निवळायला आठ-बारा तासही लागतात आणि तोवर मासा सुस्त पडून राहतो. दोरी जाड घे. ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसल्यावर रील दोरी सोडते ते, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्क्यांवर ठेव, म्हणजे दहा किलोच्या दोरीला अडीच-तीन किलो. अंदाजावर जाऊ नकोस, ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) लावून मोज.

मग हवा. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास जवळजवळ बंद पडतो. म्हणजे नुकत्याच धावून आलेल्या माणसाचं नाक-तोंड दाबल्यासारखं. 1992 चा कॅनडातला एक प्रयोग बघ. दमवलेले रेनबो ट्राउट लगेच पाण्यात ठेवले तेव्हा 12 टक्के मेले, 30 सेकंद हवेत धरले तेव्हा 38 टक्के, आणि 60 सेकंद धरले तेव्हा 72 टक्के. ते थंड पाण्याचे मासे, प्रयोगशाळेतले. कटल्याला तेच आकडे लावायचे नाहीत, पण तीस सेकंदांत काय होऊ शकतं हे त्यातून कळतं. फोटो हवाच असेल तर मोबाइल आधी दुसऱ्याच्या हातात दे, मासा पाण्यातच हातजाळ्यात राहू दे आणि एकदाच, पाचेक सेकंद उचल. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीखाली, मासा आडवा. चार-पाच किलोचं धड जबड्यावर टांगलं की जबड्याचे सांधे आणि आतले अवयव ताणले जातात. हात ओले हवेत. टॉवेल, कोरडं गोणपाट, तापलेली फरशी यांतलं काहीही अंगाला लागलं की वरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तळ्याच्या पाण्यात तिथे बुरशी धरते. हातजाळंही रबराचं किंवा बिनगाठीचं घे, गाठींच्या नायलॉनने खवले आणि पर फाटतात.

मुंबईचं पाणी हा वेगळाच विषय आहे. गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. उकाड्यात माशाची गरज वाढते आणि साठा घटतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी मासे सोडण्यासाठी गरवायला बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मग पहाटे यावं असं तुला वाटेल, कारण पाणी तेव्हा गार असतं. पण शेवाळ आणि जलपर्णीने भरलेल्या तळ्यात वनस्पती रात्रभर ऑक्सिजन खातात, आणि उजाडायच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडबंद करताना दिसले तर गळ टाकूच नकोस. ऊन वर येऊन दोन तास झाले की बस, आणि दुपार तापायच्या आत ऊठ.

सोडताना गुडघाभर पाण्यात उतरायची सगळ्यांना हौस. पवईत मगरी आहेत हे लक्षात ठेव, काठावरूनच वाकून काम कर. मासा पाण्याखाली सरळ धर, तोंड मोकळ्या पाण्याकडे. पुढे-मागे हलवू नकोस. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं, त्याचा उपयोग नाही. तळ्यात त्याला हळूहळू पुढेच ने, काठाकाठाने. खाडीत प्रवाहाकडे तोंड करून नुसता धर. कल्ल्यांची झाकणं एका लयीत हलायला लागली की पारख कर. कुशीवर वळव आणि डोळा बघ. शुद्धीवरच्या माशाचं बुबुळ पातळी राखायला उलट फिरतं. चित्रातल्या डोळ्यासारखं अंगाबरोबरच वळलं तर मासा अजून गुंगीत आहे. मग पोट वर करून हात सैल सोड. तीन सेकंदांत स्वतः सुलटा झाला, शेपटी धरल्यावर झटका दिला, तर जाऊ दे. गुंगीतला मासा पाणकावळ्याच्या नाहीतर मोठ्या माशाच्या तोंडी जातो. कल्ल्यातून रक्त वाहत असेल, दहा मिनिटांतही सावरत नसेल, तर नेण्याची मुभा असेल तिथे घरी ने आणि कालवण कर. मेलेला मासा पाण्यात ढकलून पुण्य लागत नाही.

वरळी किंवा बँडस्टँडला समुद्रकाठी बसलास तर अडचण उंचीची. दोरीने उचललेला मासा टेट्रापॉडवर (काठाला रचलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) आपटतो, तिथेच त्याचा निकाल लागतो. दोरीला बांधलेलं टोपलीसारखं जाळं खाली सोडून त्यात घे आणि त्याच जाळ्यातून परत सोड, वरून फेकू नकोस. भरतीच्या वेळी पाणी वर असतं, तेव्हा हे सोपं जातं. शिंगाळा आला तर पाठीवरचा एक आणि कुशीचे दोन असे तीन विषारी काटे असतात. त्याला हात न लावता पक्कडीने गळाचा बाक धर आणि पाण्यावरच गळ उलटा फिरव, म्हणजे मासा सुटतो.

बोटीने बाहेर गेलास आणि वीस मीटरवरून घोळ किंवा हेकरू आला, तर त्याच्या पोटातल्या तरंगायच्या फुग्यातली हवा वर येईपर्यंत तिप्पट झालेली असते. कटल्याच्या फुग्याला अन्ननलिकेत जाणारी नळी असते, यांना ती नाही. तोंडातून फुग्यासारखं काही बाहेर आलेलं दिसेल, तो हा फुगा नव्हे, ते त्याचं जठर असतं, त्याला टोचू नकोस. बिनकाट्याचा गळ उलटा बांधून, खाली वजन लावून, ओठाला अडकवून मासा तळाकडे ने. तिथे हवा दबते, मग हिसका दिला की गळ सुटतो.

मोठा जिताडा सोडायला जीव होत नाही हे कळतं. पण जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे तो थोराड मासा बहुधा अंडी घालणारी मादीच, म्हणून सोड. उलट चिलापी किंवा थाई मागूर लागला तर परत सोडू नकोस, ते इथले नव्हेत.

रविवारी येताना लांब चोचीची पक्कड, ताणकाटा आणि जुनं बनियन आण. हातजाळं माझ्याकडे आहे.

तुझा,
काका