मोठा सामना असला की शहरात गुन्हे वाढतात का?

तुम्ही विचारलंय की सामन्याच्या दिवशी शहरात गुन्हे खरंच वाढतात का, आणि वाढत असतील तर कुठले. नुसतं 'हो' म्हणणं चुकीचं ठरेल, कारण प्रत्यक्ष सामना चालू असताना गुन्हे बऱ्याचदा कमीच होतात. एरवी नाक्यावर भांडण उकरून काढणाराही त्या वेळी टीव्हीला चिकटलेला असतो. शिकागोत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, तासांत गुन्ह्यांच्या नोंदी घटलेल्या आढळल्या आहेत.

स्टेडियमच्या परिसरात मारामाऱ्या होणारच, असं आपण धरून चालतो. पण लंडनच्या फुटबॉल सामन्यांच्या अभ्यासात यजमान भागात हिंसक गुन्हे वाढलेले दिसले नाहीत. वाढल्या त्या चोऱ्यामाऱ्या. पोलीस मैदानाकडे वळवल्यामुळे दर 10,000 जादा प्रेक्षकांमागे मालमत्तेचे गुन्हे सुमारे 7 टक्क्यांनी वाढतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. सगळा बंदोबस्त मैदानावर लागला की मागच्या गल्ल्या मोकळ्याच! चोराला स्कोअरशी काय देणंघेणं?

मला मात्र सगळ्यात गंभीर वाटतं ते घराच्या चार भिंतींआड होतं ते. अमेरिकन फुटबॉलमध्ये घरचा संघ जिंकणार असं सगळे धरून चाललेले असताना तो हरला, तर पुरुषांनी बायकोला किंवा मैत्रिणीला घरात मारहाण करण्याचं प्रमाण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतं, असं 2011 साली कार्ड आणि डाल या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं. चुरशीच्या सामन्यातल्या हारीने तसा फरक पडला नाही. म्हणजे नुसती हार नव्हे, अपेक्षाभंग.

पण मग इंग्लंडमधल्या लँकशरचे आकडे बघा. 2002, 2006 आणि 2010 च्या फुटबॉल विश्वचषकांत इंग्लंड हरल्यावर घरगुती हिंसाचाराच्या नोंदी 38 टक्क्यांनी वाढल्या, आणि जिंकल्यावर किंवा बरोबरी झाल्यावरही 26 टक्क्यांनी! एकाच परगण्याचे आकडे आहेत, ते जसेच्या तसे दुसऱ्या शहराला लावू नका. तरी जिंकूनही मारहाण वाढत असेल तर 'हरला म्हणून डोकं फिरलं' ही सबब टिकत नाही. मँचेस्टरच्या नोंदींत याचा उलगडा होतो: सामन्याच्या दोन तासांत प्रमाण घटतं, मग हळूहळू चढत जाऊन साधारण दहा-बारा तासांनी कळस गाठतं, आणि ही वाढ मुख्यतः प्यायलेल्या पुरुषांमुळे असते. सामना दुपारी लवकर संपला, तर प्यायला अख्खी संध्याकाळ मिळते. मध्यरात्री पोलिसांना फोन जातो तोवर स्टेडियमवरचा बंदोबस्त केव्हाच उठलेला असतो.

दंगली होतात, नाही असं नाही. 2011 मध्ये आइस हॉकीच्या स्टॅन्ली कपची अंतिम लढत हरल्यावर व्हँकुव्हरमध्ये गाड्या जाळल्या गेल्या. पण असे प्रसंग विरळा.

तुमच्या शहराचे आकडे मिळाले तर दिवसाची बेरीज बघू नका, सामन्याच्या वेळची घट रात्रीची वाढ झाकून टाकते. तासागणिक नोंदी घ्या, त्याच वाराच्या बिनसामन्याच्या दिवसाशी ताडून बघा आणि दुसऱ्या दिवशीची पहाटही त्यात धरा.